घारीचं पोट

२ मार्च

आले एकदाची! दोन खोल्या, अंगणात नळ, मागे मोकळं माळरान. आधीच्या भाडेकरूने मोरीत काय काय ठेवलं होतं ते लिहीत नाही, आत्ताच जेवले आहे. तीनदा फरशी घासली तेव्हा कुठे बसायला मन झालं. आई म्हणते मी पाणीसुद्धा धुऊन पिते. म्हणू दे. बाबा गेल्यापासून ती एकटी आहे, नजरही अधू झालीय. बस्तान बसलं की तिला इथे आणायचं, त्यासाठीच ही नोकरी धरली.

काम मजेशीर आहे. एक बिनमाणसाचं विमान दोराला बांधून वर सोडतात. पंख्यांच्या जोरावर ते ढगांत चढतं, मग पंखे बंद. वाऱ्याने ते दोर ओढतं, त्या ओढीने खाली भलामोठा रीळ फिरतो आणि वीज होते. दोर संपला की गुंडाळून घ्यायचा, पुन्हा सोडायचा. विमानाला सगळे घार म्हणतात, रिळाला रहाट. माझं काम, गुंडाळताना दोर फडक्याने पुसणं. साफसफाईचे पैसे मिळणार, आणखी काय हवं!

५ मार्च

दोर ओला येतो. ढगांतलं पाणी असेल म्हणून पहिल्या दिवशी मीच स्वतःची समजूत घातली. पण पाणी तार धरत नाही. हे बोटांमध्ये ताणलं जातं, कोमट लागतं, आणि वास येतो तो सकाळी दात न घासलेल्या तोंडाचा. दुपारचा डबा तसाच परत आणला.

रहाट चालवणारे काका त्याच हातांनी जेवतात. पहिल्या महिन्यात असं होतं, मग नाक मरतं, असं त्यांनी मला सांगितलं. माझं नाक मरायचं नाही.

९ मार्च

आज फाटकावरचं वाऱ्याचं निशाण मेलेल्या सापासारखं लोंबत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि रहाट मात्र गरगर फिरत होता. काकांना विचारलं तर म्हणाले, वारा वर असतो बाई. ढगांत असेल तर असेल. पण दोर एकसारखा जात नव्हता. ओढ, थांब, ओढ, थांब. तान्हं बाळ दूध पितं तसं.

हातांचा वास जात नाही. लिंबू झालं, राख झाली, रॉकेल झालं. पालथ्या घड्यावर पाणी. उशीलाही तोच वास लागलाय.

१४ मार्च

आज घार दुरुस्तीला खाली उतरवली होती, तेव्हा तिचं पोट जवळून पाहिलं. शी! बोटभर जाडीचा पिवळट थर, त्यावर पांढरी साय. साय हलत होती, की मला तसं वाटलं. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दोर कितीही पूस, घारीच्या पोटाला पाणी लावायचं नाही. कारण विचारलं तर नियम आहे म्हणाले. घाणीला कसला आलाय नियम? काका जेवायला गेले तेवढ्यात कढत पाणी आणि साबण घेऊन बसले आणि पत्रा लख्ख करून सोडला. जुनी फडकी जाळून टाकली. दोनदा ओकले, पण आठवडाभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

आईची गाडी अठराला आहे.

१५ मार्च

काकांनी पोट पाहिलं आणि पत्र्यावर बोट फिरवून हुंगलं.

घार वर सोडली. पंखे बंद झाले तशी खाली आली, दगडासारखी. रहाट फिरलाच नाही. मग काका बोलले. इथे वारा कधीच नव्हता. कंपनी गाशा गुंडाळणार होती, त्याच दिवशी वरून कुणीतरी दोर ओढायला लागलं. गावाला वीज मिळाली, यांना पगार मिळाला. तेव्हापासून इथे कुणी वर बघत नाही.

"ते चाटतं आणि ओढतं," काका म्हणाले. "स्वतःची चव लागली तरच धरतं. तू ती चव धुऊन टाकलीस. आता ते चव शोधत खाली येईल."

म्हातारा चळलाय. निदान मी तसं ठरवलं. दोर पुसायची जुनी फडकी आहेत का, असं त्यांनी तीनदा विचारलं. ती घारीच्या पोटाला चोळून चव परत लावता आली असती म्हणे.

जाळली मी.

१८ मार्च

आई आली. मला मिठी मारली आणि म्हणाली, कसला गं वास हा. घर बघून हरखली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात माझे कामाचे कपडे तिने हाताने धुतले. मला कळलं तेव्हा पिळूनही झाले होते. तिच्या हातांचा वास घेतला. तोच.

१९ मार्च

कामावर रहाट बंद. काका आले नाहीत.

घरी आले तर आई खुशीत. म्हणाली, मागच्या माळावर कपडे वाळत घालायला छान दोरी बांधलीय कुणीतरी. थोडी ओलसर आहे, पण चिमटेसुद्धा लागत नाहीत, कपडे आपोआप चिकटून राहतात.

आमच्या मागे दोरी नाही. खांबच नाही.

जाऊन पाहिलं. वरून खाली आली होती. ढगातून. गुलाबी, मनगटाएवढी जाड — माझे कपडे तिच्यावर चिकटलेले, आणि ती हळूहळू ते चोखत —

तिथेच ओकले. कपडे वर गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२० मार्च

सकाळची गाडी चुकली. स्टँडच्या वाटेवर तशाच तीन लोंबत होत्या. परत आलो. दार लावलं, फटी बोळ्यांनी बुजवल्या.

आईचे हात घासतेय. साबण संपला. कातडी निघाली पण वास — ती दुखतं म्हणत नाही. माझ्या समाधानासाठी हात पुढे करून बसलीय. तिला काय सांगू?

उपाय एकच. ऊन उतरलं की घारीपाशी जायचं, माझे हात तिच्या पोटाला चोळायचे. घासून घासून. त्याने घारीला धरलं तर आईला सोडेल. त्या पत्र्याला पुन्हा ती घाण लावायची, मी, माझ्या हातांनी. लावीन. चाटेनसुद्धा.

छपरावर ओलं काहीतरी सरकलं.

खिडकीच्या काचेवर खालून वर एक पट्टा उमटला. मग शेजारी दुसरा. काच स्वच्छ होतेय. इतकी स्वच्छ मीही कधी —

आईला दिसत नाही नीट. म्हणते, बाहेरून कुणीतरी किती मन लावून पुसतंय गं, अगदी तुझ्यासारखं.

उठली. म्हणते उन्हात राबतंय बिचारं, पाणी तरी विचारू. कडीला हात —

आई, नको, ती खिड