हॅना पेल आणि यमुना साठे यांच्या नावांची व्यवस्था

मी, सौ. श्यामला श्रीकांत केतकर, वय अडुसष्ट, राहणार लिंकनशर, डोके ठिकाणावर असताना (यजमानांचे मत वेगळे असू शकते) आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे.

१. राहते शेतघर यजमान श्रीकांत हयात असेपर्यंत त्यांचे, नंतर मुलगी ऋजुता हिचे. तिने स्वयंपाकघरातली दगडी फरशी उखडू नये. दोनशे वर्षांपूर्वी तिच्यावर हॅना पेल वावरली.

२. हॅना ही इथल्या शेतकऱ्याची बायको. निवृत्तीनंतर मी चर्चच्या नोंदवह्यांत तिचा माग काढला. दफनाच्या नोंदीत 'हॅना, जॉन पेलची बायको' एवढेच. माहेर काही सापडेना, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदींतल्या सगळ्या हॅना मी ओलांडून जात होते. लग्नात नाव बदललेच असणार, अशी माझी खात्री! शेवटी शेजारीण डोरीनबाई म्हणाल्या, "अगं, आडनाव बदलतं. नाव कशाला बदलायचं? ते तिचंच होतं ना?" मी घरी येऊन रडले.

मग हॅना भेटली. सुताराची लेक, लग्नाच्या नोंदीत सहीऐवजी फुली, एकाच हिवाळ्यात दोन मुले पुरली, तरी पुढे पुन्हा पाळणा हलला. मला ती फार आवडते. दफनभूमीत तिच्या नावाचा दगड कुठेही नाही. माझ्या बचतीतून, चर्चच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे व्हाइकरांच्या, परवानगीने, तो बसवावा. त्यावर 'जॉनची बायको' लिहू नये. जॉनला स्वतःचा दगड आहे.

३. शिलाई मशीन ऋजुताला. पैठणी नणंद रेखावन्सं यांना. 'यमुना' जुनाट वाटते म्हणून 'श्यामला' त्यांनीच सुचवले होते. राग अजून आहे, पण पैठणी त्यांनाच शोभते.

४. मी माहेरची यमुना साठे. लग्नात श्रीकांतनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'श्यामला' लिहिले. आई गेल्यावर मला यमुना म्हणणारे कोणी उरले नाही. माझ्या पश्चात लावायच्या स्मृतिपाटीवर 'यमुना' असावे, आणि शेवटचा निरोप देताना श्रीकांतनी मला एकदा त्या नावाने हाक मारावी. माणूस प्रेमळ आहे, पण भारी लाजरा. जमले नाही तर मी रुसणार नाही, असे मात्र लिहून देत नाही.

सहीपूर्वीची दुरुस्ती: हा मसुदा टेबलावर राहिला होता. आज सकाळी जिन्याखालून आवाज आला, "यमुना, चहा टाकलाय. येतेस ना?" सबब कलम ४ मधली हाकेची अट पूर्ण झाली असून ती खोडली आहे. पाटीची कायम.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.
श्यामला श्रीकांत केतकर, माहेरची यमुना

साक्षीदार: डोरीन हॉब्स, माधव गुप्ते
लिंकनशर, ४ नोव्हेंबर २००६