हिअरबाय आणि माझी खुर्ची

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून या खेपेला कागदावरच.) मामी बरी असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? आमच्या कचेरीला तीन जिने आहेत आणि लिफ्ट नाही, हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

बावीस वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही, इंग्रजीचे मास्तर या नात्यानं, मला एक शब्द शिदोरीसारखा बांधून दिला होता: हिअरबाय. म्हणाला होतात, तो असला की अर्ज, नसला की विनवणी. मी अर्थ विचारला नाही. (आपल्या घरात मोठ्यांना अर्थ विचारायची पद्धत नाही.) तेव्हापासून मीठ घालावं तसा प्रत्येक पत्रात चिमूटभर हिअरबाय घालत आलो आणि कुणाचं पोट बिघडलं नाही.

पण आता आमच्याकडे नव्या बाई साहेब म्हणून आल्या आहेत आणि त्या पत्रं वाचतात. (हा प्रकार इथे आजवर नव्हता.) भांडार विभागाला मी लिहिलं होतं, की आमच्या चार खुर्च्या हिअरबाय मोडल्या आहेत. बाईंनी मला बोलावून शांतपणे विचारलं, की खुर्च्या या पत्रानं मोडल्या का? मग त्यांनी अर्थ समजावला. हिअरबाय म्हणजे याद्वारे. जे काम लिहिता लिहिताच पार पडतं, तिथेच तो घालायचा. नेमणूक करतो, रद्द करतो, जाहीर करतो, असं. खुर्च्या बिचाऱ्या आधीच मोडलेल्या असतात. शेवटी, या वयात मला दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या माणसाला गृहपाठ! कानशिलं तापली, पण लिहायला बसलो.

सहा वाक्यांत पान भरलं. सातवं नव्या कागदावर आलं: मी हिअरबाय राजीनामा देतो. तेवढ्यात चहा आला म्हणून हात थांबला आणि खाली कोरी जागा दिसल्यावर त्याच हातानं सवयीनं सही ठोकली. (बावीस वर्षं कोरी जागा दिसली की मी सही करतो.) कागद मिनिटभर ट्रेमध्ये ठेवला आणि चहा पिऊन येतो तर आमच्या म्हाताऱ्या शिपायानं ट्रे रिकामा केलेला. आमच्याकडे ट्रेमधल्या कागदावर आधी आवक शिक्का बसतो, मग क्रमांक पडतो, मग तो टेबलं फिरतो आणि आधीच्यानं जिथे सही केली त्याच्या खाली पुढचा करतो. खरं सांगतो मामा, तो कागद फिरत फिरत माझ्या टेबलावरही आला होता. चौथी सही माझी आहे.

वाचला तो फक्त बाईंनी. त्यांना वाटलं, मी रागावून गेलो. त्यांना वाईटही वाटलं म्हणे, पण वाक्य निर्दोष होतं, म्हणून मंजूर केलं. मी धावत जाऊन सांगितलं, की बाई, हा गृहपाठ होता. त्या म्हणाल्या, हा शब्द असा आहे की लिहिलं म्हणजे झालं, आणि तुम्ही तर तो पहिल्यांदाच बरोबर वापरलात. मंजूर राजीनामा परत घेता येत नाही. जागेची जाहिरात निघेल, तुम्हीही अर्ज करा.

जाहिरात टाइप कुणी केली? मीच. अर्ज हिअरबाय मागवण्यात येत आहेत, असं लिहिलं आणि बाईंनी पाठ थोपटली. नियमाप्रमाणे पस्तिशीची वयोमर्यादा होती. ती ओळ मी गिळली, नाहीतर माझ्याच जागेला मी थेरडा ठरलो असतो. दिसायला ही बारीकशी लबाडी, पण मामा, मला ती खुर्ची हवी आहे. खिडकीपाशी आहे, एक पाय डुगडुगतो, त्याखाली घडी घातलेला कागद मीच ठेवलाय. दुसरं काही मला येत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि शनिवारी माझा कचेरीतला शेवटचा दिवस आहे.

असो. मामीला नमस्कार, गुडघ्यांना जपा.

तुमचा भाचा

ता. क. पहिला अर्ज आज आला. अक्षर वळणदार, इंग्रजी अस्खलित, हिअरबाय तीन आणि तिन्ही जागच्या जागी. अर्जदाराचं वय एकाहत्तर. मामा, घरी बसून कंटाळा येतो तर बागेत जा हो! जाहिरातीत वयाची अट नाही हे तुमच्याच डोळ्यांना बरं दिसलं! बाईंनी हा अर्ज वाचला तर माझी खुर्ची गेलीच समजा. अजून शिक्का बसलेला नाही. दोन ओळींत अर्ज मागे घेतल्याचं लगेच कळवा. (हिअरबाय घालायला विसरू नका.)

ता. क. दुसरा. चहा आला आहे. तुमचा अर्ज आणि हे पत्र मिनिटभर ट्रेमध्ये ठेवून जातो. पत्रावर आवक क्रमांक आणि पाच सह्या दिसल्या, तर सोमवारी दहाला हजर व्हा. खुर्चीच्या पायाखालचा कागद तेवढा बदला.