मी दिलेला पत्ता

यार्मथ, १२ सप्टेंबर १६६४
डॅमरिस घर सोडून गेली. क्वेकरांकडे! जेवताना माझ्याशी 'तू' करून बोलली. त्या पंथात देवापुढे सगळे सारखे, म्हणून बापालाही 'तू'. आणि मेजाशी इटलीतल्या लिव्हॉर्नोचा व्यापारी बसलेला. मी म्हणालो, "या घरात मला 'तुम्ही'च म्हणायचं. नाहीतर दार उघडं आहे." ती उठली, शाल घेतली. आई नसलेली पोर. मागून हाक मारायला हवी होती — मारली नाही.

२० सप्टेंबर
हेरिंगचा हंगाम भरात आलाय. मासे धुरावर सुकवायची आमची धुरीघरं पेटलेलीच असतात. मासळी उत्तम. घरी जावंसं वाटत नाही.

३ ऑक्टोबर
कॉन्स्टेबल ब्लायथ वखारीत आला होता. क्वेकरांच्या सभांना बंदी आहे. ते कुठे जमतात, विचारत होता. आमच्या स्वयंपाकिणीकडून मला कळलं होतं — दर रविवारी, दोर वळणाऱ्या गेजच्या माडीवर. सांगून टाकलं. ब्लायथ म्हणाला, "काळजी करू नका, मास्टर थर्टल. जरा दमात घेऊ, पोर आपसूक घरी येईल." मलाही तेच हवं होतं. फक्त तेच.

१० ऑक्टोबर
काल सतरा जणांना धरलं. राजनिष्ठेची शपथ घ्या म्हटलं, तर एकानेही घेतली नाही — त्यांच्यात शपथच घेत नाहीत. तीन महिने तुरुंग. डॅमरिसलाही.

२ नोव्हेंबर
तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेलो. घोंगडी आणि चीज नेलं होतं. पहारेकऱ्याने विचारलं, भेटायचंय का? तिने विचारलं असतं, आमचा पत्ता कुणी दिला, तर काय सांगणार होतो? सामान त्याच्याकडे देऊन परत फिरलो.

१९ नोव्हेंबर
तुरुंगात तापाची साथ आहे म्हणतात.

२३ नोव्हेंबर
डॅमरिस गेली. आज सकाळी. एकविसावं चालू होतं. निरोप आला तेव्हा मी पिंपांची झाकणं तपासत होतो. ऐकलं, आणि पुढची दोन झाकणं तपासली. का, कुणास ठाऊक.

२५ नोव्हेंबर
क्वेकरांच्याच बागेत पुरली. पाद्री नाही, घंटा नाही. मी कुंपणाबाहेर उभा होतो. कुणी आत बोलावलं नाही. कुणी हाकललंही नाही.

२८ नोव्हेंबर
गेजची बायको प्रिसिला आली होती. डॅमरिसच्याच कोठडीत होती. आजारी म्हणून काल सोडली तिला. म्हणाली, "पत्ता कुणी दिला, ते तिला पहिल्याच दिवशी कळलं. ब्लायथनेच हसत हसत सांगितलं. तरी फाटक वाजलं की उठून बसायची, केस सारखे करायची. बाप आला असेल म्हणून."