गार पाय

मुलुंड, जानेवारीतला रविवार, संध्याकाळ

सुनेने फोनवर यादी पाठवली, थंडीत पांघरुणात बसून वाचायच्या पुस्तकांची. खाली निरोप, "आई, आता निवांत वाचा. डिस्टर्ब करायला कोणी नाही."

कोणी नाही, ते मला माहीत आहे गं.

हे होते तेव्हा मी पुस्तक उघडलं की यांचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना लागायचे. "पुढे काय झालं?" मी चिडायचे. चौथीत शाळा सुटलेली, बोट ठेवून वाचणारी बाई मी. ओळ हरवायची.

यादीतलं एक लायब्ररीतून आणलं. बर्फ, शेकोटी, म्हातारं सुखी जोडपं. इथे स्वेटर निघतो तो जेमतेम आठवडाभर.

पांघरुणात गार पाय आता फक्त माझे. संध्याकाळभर वाचलं. ओळ एकदाही हरवली नाही.