खुर्ची बावीस आणि तेवीस यांच्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्मे बनवणे व दुरुस्त करणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर निळ्या संघाचे आहेत आणि मी जन्मभर पिवळ्यांचा. तरी त्यांनी दाखला दिला, यावरून त्याचे वजन समजावे. त्यांनीच मला हेही सांगितले आहे की फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होताना मी पाहीन, संपताना नाही.

कलम १. पाच वर्षांपूर्वी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केले होते व त्यात माझ्या एकुलत्या एका मुलीला काहीही ठेवले नव्हते. ते रद्द समजावे. राग माझा होता आणि चूकही माझीच होती. त्या चुकीचा खुलासा कलम ६ मध्ये आहे. वाचन होईल तेव्हा कलम ६ सर्वांत आधी, माझ्या थोरल्या बहिणीसमोर, मोठ्याने वाचावे. तिला कमी ऐकू येते, तेव्हा जरा जास्तच मोठ्याने.

कलम २. दोन्ही खोल्या, त्यांतील सामान व बँकेतील शिल्लक मुलीस मिळावी. स्वयंपाकघराच्या भिंती संघाच्या पिवळ्या रंगाच्या आहेत. तो माझ्या पत्नीचा हट्ट होता. मुलीला तो रंग कधीच आवडला नाही. म्हणायची, 'इथं भाजी चिरताना डोळे दुखतात.' तिने खुशाल बदलावा.

कलम ३. दुकान, काच घासायचे यंत्र आणि बारीक पेचकसांचा संच शेजारच्या टेबलावर सतरा वर्षे काम करणाऱ्या कारागीर बाईंस द्यावा. अट एकच. नंबर वाढलेल्या गिऱ्हाइकाला 'आता वय झालं' असे म्हणू नये. ते त्याला ठाऊक असते.

कलम ४. अकरा वर्षांपूर्वी ज्या पंचाने आमचा गोल नाकारला, त्यास दुकानातील सर्वांत जाड भिंगांचा चष्मा मोफत द्यावा. चेंडू रेषेच्या हातभर आत होता. नव्वद यार्डांवरून, खांबाआडून मला दिसले, त्यास चार पावलांवरून दिसले नाही. माझे मेहुणे आयुष्यभर सामन्यांचे फुकट पास मागत आले. त्यांस माझी शिट्टी द्यावी. शिट्टी वाजत नाही.

कलम ५. मालमत्तेत आशा धरता येते का, असे मी वकिलांना विचारले. ते नुसते हसले. म्हणून येत्या हंगामाचा माझा अंदाज इथेच नोंदवतो.

दर वर्षी हंगामाच्या आदल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी एकेका चिठ्ठीवर संघ कितवा येणार ते लिहीत असू. चिठ्ठ्या चष्म्याच्या डबीत टाकून डबी चिकटपट्टीने बंद करायची आणि शेवटच्या सामन्यानंतर उघडायची. एकतीस वर्षे तिने एकच आकडा लिहिला: तिसरा. या एकतीस वर्षांत संघ सहाव्याच्या वर सरकला नाही. मी म्हणायचो, 'अगं, डोळे तपासून घे.' ती म्हणायची, 'दुकान तुझंच आहे, तपास की.'

यंदाची परिस्थिती अशी. आमचा गोलरक्षक 'शिडी' छत्तीस वर्षांचा झाला आहे. उंच चेंडू अजून अडवतो, पण खाली वाकताना त्याच्याकडे बघवत नाही. गेल्या वर्षी सोळा गोल करणाऱ्या 'बुटक्या'ला निळ्यांनी पळवले. त्याच्या जागी आणलेला गडी सराव सामन्यांत तीनदा गोलपाशी पोचला आणि तिन्ही वेळा चेंडू प्रेक्षकांत पाठवला. डावीकडचा बचाव म्हणजे सताड उघडे दार. नवा कोच पत्रकारांपुढे फार छान बोलतो, ही काळजीची बाब आहे. जमेची बाजू एकच. मधल्या फळीत आलेला नवा खेळाडू मान वर करून खेळतो, पास देण्याआधी समोर बघतो. असा माणूस आमच्याकडे फार वर्षांनी आला.

लीगमध्ये अठरा संघ, शेवटचे तीन खालच्या श्रेणीत जातात. आम्ही चौदावे येऊ, म्हणजे धापा टाकत टिकू. डोके असे सांगते. तरी यंदाच्या चिठ्ठीवर मी 'तिसरा' लिहिले आहे.

कलम ६. सहा वर्षांपूर्वी, हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी, माझी पत्नी इस्पितळात होती. तो सामना हरलो असतो तर संघ खालच्या श्रेणीत गेला असता. मैदानावरच्या आमच्या ठरलेल्या खुर्च्या, बावीस आणि तेवीस, तोवर कधीही दोन्ही एकदम रिकाम्या राहिल्या नव्हत्या. मला ताप आला तर ती जायची, ती बाळंत झाली तेव्हा मी गेलो. दोन्ही रिकाम्या राहिल्या की संघ हरणार, असे आम्ही चेष्टेने म्हणत असू. म्हणता म्हणता मला ते खरे वाटू लागले होते.

मुलगी दोन दिवस आईजवळ बसून होती. त्या सकाळी ती अंघोळीला घरी निघाली, तेव्हा म्हणाली, 'बाबा, मी येईपर्यंत तू हलू नकोस हं.' मी हो म्हणालो.

दुपारी मी उठलो आणि मफलर गळ्यात घातला. पत्नी म्हणाली, 'आज नको ना जाऊस. रेडिओ आणलायस ना? इथंच ऐकू दोघं.' मी म्हणालो, 'असा जातो नि असा येतो. खुर्ची रिकामी राहील गं.' आणि गेलो. तिच्या खुर्चीवर तिचा मफलर पसरून ठेवला.

सामना शून्य-शून्य सुटला. बरोबरी पुरेशी होती. मी इस्पितळाच्या जिन्यातून ओरडतच चढलो, 'टिकलो गं, टिकलो!' वरच्या पायरीवर मुलगी उभी होती. ती पोचली तेव्हाच सगळे संपले होते. आईजवळ घरचे कोणी नव्हते.

दोन दिवसांनी नातेवाईक जमले. मुलीने सर्वांसमोर विचारले, 'तू का गेलास?' मी म्हणालो, 'तिनंच पाठवलं मला. म्हणाली, जा, खुर्ची रिकामी ठेवू नकोस.' मुलगी म्हणाली, 'खोटं. आई असं म्हणणारच नाही.' माझी बहीण तिच्यावर कडाडली, 'बापाला खोटं पाडतेस? तोंड सांभाळ!' सगळे माझ्या बाजूने झाले. मी जमिनीकडे बघत बसलो. मुलगी त्याच संध्याकाळी बॅग भरून परगावी निघून गेली. माणसे तिला उद्धट म्हणाली, आणि मी म्हणू दिले.

तिचा फोन येतो. 'औषधं घेतलीत का?' एवढेच विचारते. पूर्वी मला अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो करते. त्या एका 'घेतलीत'ने दर वेळी माझा जीव जातो.

म्हणून शपथेवर लिहितो: मुलगी खरे बोलत होती. तिच्या आईने मला पाठवले नव्हते, थांब म्हटले होते. मी खोटे बोललो, आणि तिने मला खोटारडा म्हटले याचा पुढे सहा वर्षे राग धरला. माझ्या बहिणीने व इतरांनी तिची माफी मागावी. माझी माफी या कागदातच आहे. ती द्यायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

कलम ७. पुढील वस्तू मुलीस मिळाव्यात. एक, इस्पितळातला तो रेडिओ. तो मी पुन्हा लावला नाही. काल सेल बदलले, चालतो. दोन, त्या वर्षीची चष्म्याची डबी. ती अजून बंद आहे. आत आईची चिठ्ठी आहे व आकडा मला माहीत आहे, तरी ती उघडण्याचा हक्क मला उरलेला नाही. तीन, खुर्च्या बावीस आणि तेवीस यांचे पास. ते तिच्या नावावर करण्याचे क्लबने लेखी मान्य केले आहे.

तिने सामन्याला जावे अशी अट मी घालत नाही. दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालेल. संघ जिंकायचा तर जिंकेल, हरायचा तर हरेल. हे मला त्या दुपारी कळायला हवे होते.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार पहिला: खुर्चीमागच्या रांगेतला घंटावाला. आमच्या प्रत्येक गोलला घंटा वाजवतो. गेल्या हंगामात त्याला फारसे काम पडले नाही. सही.

साक्षीदार दुसरी: त्या दिवशी त्या खोलीत ड्यूटीवर असलेल्या परिचारिका, आता निवृत्त. मी विचारायला गेलो तेव्हा म्हणाल्या, 'खरं लिहिणार असाल तर सही करते. नाहीतर चहा घ्या आणि निघा.' सही.

परिचारिकांनी स्वहस्ते लिहिलेली दुरुस्ती: कलम ६ वाचले. बाईंचे शब्द बरोबर आहेत, पण 'आज नको ना जाऊस' हे त्या एकदा नाही, दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा हे दाराबाहेर गेले होते.

वरील दुरुस्ती मी वाचली. मला हे आजवर माहीत नव्हते. मान्य आहे. सही.

स्थळ: दुकानामागची खोली.
दिनांक: मंगळवार, हंगामाच्या पहिल्या सामन्याला अकरा दिवस बाकी.