ठिपका गेला कुठे?

मांद्रे, १९ ऑगस्ट, संध्याकाळ

तपासणीच्या नळीत माशाच्या टाकीचं पाणी आजही हिरवंगार, म्हणजे अमोनिया तसाच. काल लेकीचा गोल्डफिश वर येऊन धापा टाकत होता. आज मात्र सुळसुळ पोहतोय. आणि शेपटीवरचा काळा ठिपका गायब!

"अहो, ठिपका कुठे गेला याचा?"

"झडलो असतलो गो. माझे केस नाय झडले?"

नवरा सकाळी पाव आणायला गेला, तो दोन तासांनी उगवला. पाव आणायला? पाववाला पोदेर रोज आमच्या दारात येऊन भोंगा वाजवतो! नक्की म्हापशाला जाऊन मासा बदलून आणला. चवथीला लेक आली की आधी ठिपकाच शोधेल.

तोंडावर विचारणारच होते. पण विचारू कुठल्या तोंडाने? फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र केला मीच. अमोनिया पचवणारे जंतू त्यातच राहतात, हे कळलं नंतर. त्याच आठवड्यात लेकीचा खरा मासा गेला, आणि मी तो गुपचूप फणसाखाली पुरला. ह्यांना अजून पत्ता नाही.

निदान मी तरी तीन दुकानं पालथी घालून ठिपक्याचा आणला होता!