साठ फॉर्म आणि एक 'हो'

ती. मावशीस,

तुझ्या लाडक्या (आणि सध्या कॉलेजच्या लेखी वाया गेलेल्या) भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का, की काकांनाच तो सोडवत नाही? मी खुशाल आहे. फक्त सोमवारी अकरा वाजता प्राचार्यांनी माझ्या पालकांना बोलावलंय. बाबा आले तर माझं नर्सिंग बंद आणि वर्षाच्या आत लग्न, हे तुला सांगायला नको. तेव्हा पालक म्हणून तू ये.

झालं असं, की आम्हा साठजणींकडून एक फॉर्म भरून घेतला. एचआयव्हीबद्दल काय वाटतं आणि आपलं स्वतःचं लैंगिक वर्तन कसं आहे, असे प्रश्न. नाव लिहायचं नाही, मनमोकळं लिहा, असं सांगून ट्यूटरबाईंनी आम्हाला रोल नंबरप्रमाणे बसवलं आणि बाकांमधून फेऱ्या मारल्या. 'संबंध आले आहेत का?' या प्रश्नाला त्या नेमक्या माझ्या मागे उभ्या. (मनमोकळेपणाचा श्वास माझ्या मानेवर येत होता.) निकाल असा, की एकोणसाठ 'नाही' आणि एक 'हो', त्यापुढे 'दर वेळी कंडोम वापरला'. शिवाय एक्केचाळीसजणींनी लिहिलंय, की एचआयव्हीच्या पेशंटला आम्ही हात लावणार नाही. या एक्केचाळीस भावी नर्सांचं काय करायचं, हे कुणी विचारलंही नाही. कॉलेज डोक्यावर घेतलं ते त्या एका 'हो'वरून!

मग शोध सुरू. अक्षर ताडायला प्राचार्यांनी वॉर्डातले तापाचे तक्ते मागवले. त्यांत सगळ्या पेशंटचा ताप आठवडाभर अठ्ठ्याण्णव पॉइंट चारच निघाला (एकीने मोजायचा, बाकीच्यांनी उतरवायचा, ही आमची पद्धत), पण तिकडे त्यांनी काणाडोळा केला. अक्षर काही जुळेना. तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टरना आठवलं, की कोपऱ्यातल्या कॉटवरच्या एचआयव्हीवाल्या आजोबांचं बीपी मी नुसत्या हातांनी घेते आणि वर स्टूल ओढून गप्पा मारते. बाकीच्या दोन-दोन ग्लोव्हज चढवतात आणि तरीही दारातूनच विचारतात, "बरं आहे ना आजोबा?" निष्कर्ष काय, तर जिला भीती वाटत नाही तिला अनुभव असणार! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तर ये. चष्मा लाव, कमी बोल आणि आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

तुझी,
भाची

ता. क. : तो फॉर्म खरंच माझा नव्हता. माझ्या फॉर्मवर 'नाही'च आहे.

ता. क. २ : ते 'नाही' मात्र खोटं आहे. जिने 'हो' लिहिलं तिचे पाय धरावेसे वाटतात. तिने काळजीही घेतली आणि कबूलही केलं. माझ्याने दोन्ही झालं नाही. पेशंटना सांगायचं ते सगळं मला तोंडपाठ होतं गं. परवा तपासणीला रक्त दिलंय, रिपोर्ट सोमवारी दहाला मिळेल. प्राचार्यांचं मी बघून घेईन. मावशी, तू दहालाच ये. रिपोर्टच्या खिडकीसमोरच्या बाकावर एकटीने बसायचा मला धीर नाही.